वाट्याचं झाड

फवारणीचे पंप भंगारात गेले त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मिरजेच्या बकुळ कॉलनीत प्रत्येक बागेच्या भिंतीवर साबणाच्या वडीएवढी एक डबी असे. तिचं नाव हाकारा. माव्याच्या किडीने झाडाचा रस शोषायला सुरुवात केली, की झाड एक विशिष्ट वास हवेत सोडतं. आपल्या नाकाला तो कळत नाही, पण मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना बरोबर कळतो. हाकारा तोच वास कितीतरी पटींनी वाढवून सोडायचा. मग पाठीवर काळे ठिपके मिरवत हे लालचुटूक किडे लांबून यायचे आणि मावा फस्त करायचे. विष नाही, कष्ट नाहीत, नुसती हाक मारायची.

अट एकच. प्रत्येक घराने चवळीची एक कुंडी माव्याला सोडून द्यायची, त्याने ती कितीही बरबटली तरी. ते वाट्याचं झाड.

मालन खराडे यांची बाग कॉलनीत सगळ्यांत देखणी, आणि हे त्या स्वतःच सांगत. त्या बागेचा जीव म्हणजे एक तांबूस शेवंती. त्यांच्या यजमानांनी, सदानंदरावांनी, या फुलाचे पराग त्या फुलावर चढवत कित्येक हिवाळे घालवून ती घडवली होती. तसली शेवंती दुसरीकडे कुठेच नव्हती, आणि सदानंदरावही आता नव्हते.

त्या वर्षी रथसप्तमीनंतर शेवंतीवर मावा चढला. हाकारा चालू होता, पण ढालकिडे फिरकेनात. सगळ्या कॉलनीत हीच रड. शेवटी ज्यांनी हाकारा तयार केला होता, त्या कीटकशास्त्रज्ञ डॉ. निलोफर मुजावर यांना बोलावणं गेलं.

"तुमची डबी बिघडलीय, डॉक्टर," मालनताईंनी दारातच सुनावलं.

"डबी ठणठणीत आहे, काकू. वाट्याचं झाड दाखवा बघू."

चवळी पायरीजवळच होती. पानन् पान लखलखीत.

"ही धुतलीत?"

मालनताईंनी पदर सारखा केला. "हळदीकुंकू होतं की. बायका यायच्या, आणि दारातच किडकं झाड? कसं दिसतं ते? रिठ्याच्या पाण्याने पुसून काढली."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू होतं, आणि ज्या घरी असेल तिथली चवळी आदल्या दिवशी न्हाऊन निघत होती. एकीने दुसरीला सांगितलं नाही. आपल्या एका कुंडीने काय बिघडतंय, असं प्रत्येकीला वाटलं. तिळगूळ मात्र सगळ्यांनी गोड मानून घेतला.

"मादी वासावर येते," डॉक्टर पायरीवर बसत म्हणाल्या. "पण पिल्लांना पोटभर मावा दिसला तरच अंडी घालते. इथे वास एवढा मोठा आणि खायला काही नाही. सारखं फसल्यावर किडे त्या वासाकडे पाठ फिरवतात. मावा काय, चार दिवसांत परत माजतो. ढालकिड्यांची मात्र अख्खी पिढी बुडाली."

मालनताईंनी लखलखीत चवळीकडे पाहिलं. "म्हणजे जेवायला बोलावलं, आणि आम्ही पानच मांडलं नाही."

"तसंच झालं."

डॉक्टरांनी बाग धुंडाळली आणि शेवंतीचं एक पान हळूच उलटलं. खाली पिवळ्या अंड्यांचा बारीक पुंजका होता.

"सगळी कॉलनी पालथी घातली, अंडी इथेच आहेत. बाकीच्यांनी घाबरून सगळी झाडं रिठ्याने धुतली. तुम्ही ही तेवढी सोडलीत."

"कळ्या करपतील म्हणून. आज धुणार होते."

"धुतलीत तर शेवंती वाचेल आणि पिल्लं उपाशी मरतील. नाही धुतलीत, तर..."

"शेवंती जाईल."

"बहुतेक. पिल्लं मोठी होईपर्यंत मावा हिला शोषून टाकेल."

"कलम काढून ठेवलं तर?"

"फांद्यांत रस उरलेला नाही, काकू. मुळाशी मुनवे फुटले, नवे कोंब आले, तर तुमचं नशीब."

डॉक्टर गेल्यावर मालनताई रिठ्याचं पातेलं घेऊन शेवंतीपाशी बसल्या आणि पोटभर रडल्या. सदानंदरावांशी भांडल्यासुद्धा. मग उठून त्यांनी पातेलं मोरीत ओतलं.

शेवंती डोळ्यांदेखत वाळली. तिच्यावर काटेरी, काळपट पिल्लं मात्र बाळसं धरत गेली. एका सकाळी त्यांतली काही लाल होऊन कुंपणापलीकडच्या वांग्यांवर गेली. मालनताईंना दुःख झालं आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

पुढच्या संक्रांतीला बकुळ कॉलनीत हळदीकुंकवाला येणारी बाई आधी वाट्याच्या झाडापाशी थांबायची. पानं उलटून बघायची आणि मगच घरात शिरायची. "छान माजलाय हो मावा," असं कुणी म्हटलं, की यजमानीण खुलायची. परक्या माणसाने ऐकलं असतं तर या बायकांना वेड लागलंय असंच त्याला वाटलं असतं.

डॉक्टरही आल्या होत्या. वाळल्या शेवंतीच्या मुळाशी दोन मुनवे फुटून जगले होते. मालनताईंनी ते वेगळ्या कुंड्यांत लावले होते. एक किरकोळ, कसाबसा उभा. दुसरा जोमाचा, तांबूस कळ्यांनी लगडलेला, आणि त्याच्या शेंड्यांवर मावा चढू लागलेला.

"चवळी दिसत नाही, काकू. या वर्षी वाट्याचं झाड कुठलं?"

मालनताईंनी जोमाच्या शेवंतीकडे बोट दाखवलं.

"अहो, हिला जपा की. ती दुसरी किरकोळ आहे, ती द्या."

मालनताईंनी डॉक्टरांच्या कपाळाला कुंकू लावलं.

"पाहुण्यांना बोलावून उरलंसुरलं वाढायचं होय?" त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून त्यांनी हाकारा चालू केला.