कान कुठे कुठे जाणार

गुरुवार होता. चाकणच्या आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे आठवडाभराची राहिलेली कामं त्या एका दिवसावर येऊन पडतात. त्या दिवशीचं काम बाबांच्या इअरबड्सचं होतं.

आधीचे मीच ऑनलाइन मागवले होते. हलके, दिसायला छान आणि सगळं टचवर चालणारे. बाबांचा जन्म भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर गेलेला. बोटांची कातडी इतकी जाड झाली होती की त्या बड्सना बोट लागल्याचं कळतच नव्हतं. ते एकदा टिचकी मारत, दोनदा मारत, मग नुसतेच कान धरून बसत.

“हे मला ओळखायलंच नाही गं,” ते म्हणाले. परांड्याहून येऊन इतकी वर्षं झाली तरी बोली तिकडचीच होती. “ह्याच्याशी आधी माझी ओळख करून दे.”

“बटणाचं काहीतरी आण बाई,” आई आतून म्हणाली. “टीव्हीच्या आवाजाने आता मला बहिरं व्हायची पाळी आलीय.”

निगडीच्या बस टर्मिनसजवळच्या दुकानात मी पहिल्यांदाच शिरले. काउंटरमागे उभ्या असलेल्या तरुणाच्या डाव्या कानात पांढरा बड होता आणि उजव्या कानात काळा.

“तुमचा एक हरवलाय का?” मी विचारलं.

“नाही, दोन्ही तपासतोय. नवीन माल आधी माझ्या कानात, मग गिऱ्हाइकाच्या.” त्याने दोन्ही काढून ठेवले. “बोला मॅडम. कुठे घालणार?”

“कानात.”

“ते आलं लक्षात. कान कुठे कुठे जाणार?”

मला हसू आलं. मग मी बाबांचं सगळं सांगितलं. सकाळी दुर्गा टेकडीला चालायला जातात, जाताना रस्ता ओलांडावा लागतो. संध्याकाळी टीव्हीपुढे असतात. प्रेसच्या आवाजाने ऐकू कमी येतं. शब्द कळतात, पण बारीक अक्षरं गळतात. तो मध्ये एकदाही बोलला नाही.

“मग नॉइज कॅन्सलेशन नको,” तो शेवटी म्हणाला. “रस्त्यावर हॉर्न ऐकू आला पाहिजे. रबराचे टिप्स नकोत, अर्धवट बसणारे घ्या, बाहेरचं ऐकू येत राहतं. डबी मोठी हवी, अंगठ्याने उघडेल अशी. आणि बटण खरोखर दाबलं जाणारं. असा एकच पीस आहे, तो मागवावा लागेल.” मग जरा थांबून म्हणाला, “हे काही श्रवणयंत्र नाही, बरं का. काकांना कानाच्या डॉक्टरांकडे एकदा न्या.”

नंबर घेताना त्याने स्वतःचंही नाव सांगितलं. दिग्विजय. नावाच्या मानाने माणूस फारच मऊ होता.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “मिळालं का?”

“मागवलंय.”

“दुकानदार कसा हाय?”

“बोलतो फार.”

“मग दुकान चालंल त्याचं,” बाबा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवून आईने त्यांना हाक मारली. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मारली, मोठ्याने. मग मलाही हाक मारली.

नातेवाइकांना मामाने कळवलं. कंपनीत मी मेल पाठवला. सोसायटीत वॉचमनने सांगितलं. लोक भेटायला येत ते सगळं माहीत असूनच येत. माझा हात हातात घेत आणि मी मान हलवत असे. बाबा गेले, हे दोन शब्द माझ्या तोंडून निघायची वेळच आली नाही.

तेरावं झालं. मी कामावर जाऊ लागले. पुढच्याच आठवड्यात बसमध्ये असताना फोन आला. “मॅडम, काकांचा पीस आलाय.”

संध्याकाळी निगडीला उतरले ती सांगायचं असं ठरवूनच. पण मी काउंटरपाशी पोचेपर्यंत त्याने खोका उघडला होता. “हे बघा, इथे दाबायचं. काकांना सांगा, बटण टक् वाजलं की सोडायचं, धरून ठेवायचं नाही. काकांना सांगा, रात्री डबीत ठेवले की आपोआप चार्ज होतात. आणि काकांना सांगा, नाही आवडलं तर बिनधास्त परत आणा…”

इतक्या दिवसांत सगळे बाबांबद्दल ‘होते’ असंच बोलत होते. माणसं मवाळ आवाजात बोलत, पण क्रियापद बदलायला कुणी विसरत नसे. आणि हा माणूस त्यांना निरोप देत होता.

“सांगते,” मी म्हटलं.

तो खोका मी कपाटात ठेवून दिला.

पुढच्या खेपेला मी माझ्यासाठी गेले. कारण खरं होतं. निगडी ते चाकण बसमध्ये वाचायला बसते, पण इंजिनाच्या घरघरीत डोकं उठतं.

“काका काय म्हणाले?” त्याने आधी तेच विचारलं.

“म्हणाले… बोलणाऱ्याचं दुकान चालतं.”

हे खरंच बाबांचं होतं. तो खुशीत हसला. “म्हणजे तुम्ही घरी सांगितलंत, मी फार बोलतो म्हणून.”

“त्यांनी विचारलं होतं.”

“बरं. तुमचे कान चाकणला जाणार. म्हणजे तुम्हाला नॉइज कॅन्सलेशन पाहिजेच. पण मला दोन दिवस द्या.”

दोन दिवसांनी कळलं की तो स्वतः बसने चाकणला जाऊन आला होता. तीन जोड्या खिशात घालून.

“हा पहिला मोशीपर्यंत चांगला होता, मग कान दुखायला लागला. दुसऱ्यात इंजिन ऐकू येत नाही, पण वारा लागला की फडफडतो. तिसरा घ्या.”

“आणि तळेगाव चौकातल्या हॉर्नना?”

“तळेगाव चौकात तिघंही हरले. तिथे देवाचं नाव घ्यायचं.”

त्याने मला वेगवेगळ्या मापाचे टिप्स लावून पाहायला लावले. मान हलवा, जांभई द्या, काहीतरी चावल्यासारखं करा. माझ्या डाव्या कानाला लहान माप बसलं आणि उजव्याला मधलं. “असंच असतं,” तो म्हणाला. “दोन्ही कान सारखे कुणाचेच नसतात. लोक डबीतून येतात तसेच वापरतात आणि मग म्हणतात, बेस नाही.”

मग त्याने नॉइज कॅन्सलेशन सुरू केलं. पंख्याची घरघर गेली, रस्त्यावरची रहदारी लांब गेली. तो पाठ करून मांडणीतले खोके नीट लावू लागला आणि खोक्यांनाच सांगितल्यासारखा म्हणाला, “ह्यांनी रोज यावं, असं वाटतं…”

नॉइज कॅन्सलेशनने घरघर मरते, माणसाचा आवाज बऱ्यापैकी ऐकू येतो. मला ते तेव्हा कळलं. त्याला आधीपासून माहीत होतं.

“किती चार्ज टिकतो?” मी विचारलं.

“दिवसभर,” तो वळून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तेव्हापासून मी त्याला ‘दादा’ म्हणणं सोडलं. दुसरं काय म्हणायचं ते कळत नव्हतं, म्हणून हाकच मारत नसे.

मग कामं निघतच गेली. ऑफिसातल्या स्वप्नालीला जिमसाठी हवे होते: त्याने कानामागे अडकणारे, घामाला न जुमानणारे दिले. मला शॉपफ्लोअरवरून पुरवठादारांशी बोलावं लागतं. त्यासाठी गाण्याला साधा, पण माइक चांगला असलेला, लॅपटॉप आणि फोन दोन्हींना एकदम जोडला जाणारा पीस निघाला. “गाणी ऐकायचे वेगळे, बोलायचे वेगळे,” तो म्हणाला. “सगळ्याला चालेल असा एकच शोधत बसलात तर एकही आवडणार नाही.”

“माणसांचंही तसंच असतं का?”

“माणूस एकच शोधायचा,” तो म्हणाला आणि बिल करू लागला.

आईला मालिका बघायला हवे होते. “मग एकच कान वापरायला सांगा,” त्याने बजावलं. “दुसरा कान कुकरच्या शिट्टीला मोकळा. आणि गेमिंग मोड सुरू ठेवा, नाहीतर ओठ आधी हलतात आणि बोलणं मागून येतं.” आईने ते लावले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा टीव्हीसमोर बसून पूर्ण भाग पाहिला.

दर वेळी तो बाबांचं विचारायचा. मी सांगायचे. सुरुवातीला त्यांनी खरंच कधीतरी म्हटलेलं सांगत होते. ते संपलं, तेव्हा ते काय म्हणतील ते सांगू लागले. मला ते अवघड गेलं नाही. एखाद्या गोष्टीवर बाबा काय बोलतील, हे मला विचार न करता कळायचं.

“काका टेकडीवर जातात का अजून?”

“जातात. म्हणतात, माकडं वाढलीत, माणसं कमी झालीत.”

“आणि माझ्याबद्दल?”

“म्हणतात, दुकानदार माल विकतो का पोरीशी गप्पा मारतो?”

“हे काका म्हणतात?”

“हो तर.”

“काकांना सांगा,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “माल विकतो. गप्पा फुकट आहेत.”

दुकानातून घरी चालत येताना मला जाणवायचं, की आज बाबांनी केलेला विनोद चांगला होता. अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये ते अजून ज्या एका जागी बोलत होते, ती जागा म्हणजे ते काउंटर होतं. मी तिथे कुणासाठी जात होते, त्याच्यासाठी की त्यांच्यासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही. दोघं एकाच ठिकाणी भेटत होते, एवढं पुरत होतं.

श्रावणात एके संध्याकाळी बारीक पाऊस होता. दुकानात कुणी नव्हतं. त्याने माझ्यापुढे चहा ठेवला. तो काहीतरी ठरवून बसला होता, हे दिसत होतं, कारण बोलत नव्हता.

“आमची आजी आहे ना, सोजराबाई,” त्याने शेवटी सुरुवात केली. त्याचं घर मूळचं चिखलीचं. शेतावर सोसायट्या झाल्या, आजी मात्र जुन्या घरातच राहते आणि तिनेच त्याला वाढवलं, हे मला माहीत होतं. “तिला मी तुमचं सांगितलं. ती म्हणती, आधी बापाला इचारायचं, मग पोरीला. तर येत्या गुरुवारी मी तिला घेऊन काकांना भेटायला येऊ का?” मग घाईने म्हणाला, “मी उलटंच करतोय म्हणा. आधी तुम्हालाच विचारतोय. तुमचं नाही असेल, तर नाही म्हणा.”

मी चहाचा कप तसाच काउंटरवर ठेवला.

“सांगते,” मी म्हटलं आणि निघाले.

घरी आई पावसामुळे बाहेर वाळत घालता न येणारे कपडे खुर्च्यांवर पसरत होती. मी तिला मदत करू लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, “दुकानात जाऊन आलीस की तुझा चेहरा वेगळा असतो. आज काय झालं?”

मी सांगितलं. दिग्विजयबद्दल तिला अंदाज होता, बाबांबद्दल नव्हता. ती हातातला टॉवेल घेऊन बसली.

“म्हणजे त्याच्या लेखी हे आहेत?”

“हो.”

मला वाटलं, ती रागावेल. ती म्हणाली, “काय काय बोलतात?”

मी माकडांचं सांगितलं. आई हसली, आणि हसता हसता तिने टॉवेलने डोळे पुसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “भाजीवाली विचारते, बँकेत विचारतात. मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. सांगून सांगून तोंडाला सवय होते बाई. तुझ्यावर ती वेळ आम्ही येऊ दिली नाही, हे चुकलंच.”

“सांगितलं आणि तो गेला तर?”

“तर तो जाईल. पण गुरुवारी येऊन फोटोला हार बघू देऊ नको त्याला. म्हातारी बाई बरोबर असणार.”

म्हणून दुसऱ्या दिवशी बसमधून उतरले ती सरळ दुकानात गेले. एका बाईंना मुलीसाठी ऑनलाइन क्लासचे बड्स हवे होते. त्यांचं होईपर्यंत मी बाजूला उभी राहिले. तो त्यांना समजावत होता, लहान कानाला आवाजाची मर्यादा लावून ठेवता येते, मध्ये मध्ये कानांना सुट्टी द्यायची. बाई गेल्या.

“विचारलंत काकांना?” त्याने हलक्या आवाजात विचारलं.

मी घरून दोन-तीन वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी सोडून दिली.

“बाबा गेले,” मी म्हटलं.

“कुठे? गावाला?”

“नाही. ते… वारले. तुमचा पीस यायच्या आधीच.”

शब्द काउंटरवर पडले आणि बाकी काही झालं नाही. पंखा फिरत होता. रस्त्यावरून बस गेली. तो माझ्याकडे बघत मागचे सगळे महिने मोजत असावा, कारण त्याचे ओठ नकळत हलत होते.

“मी तुम्हाला काय काय निरोप देत होतो…”

“मला ते हवे होते. तुम्ही ‘काकांना सांगा’ म्हणायचात. दुसरं कुणीच असं म्हणत नव्हतं.”

तो बाहेर येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. काउंटरवरचा एक खोका हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. मी जायला निघणार, इतक्यात तो म्हणाला, “मी आजीला सांगितलंय, की काकांना मी पसंत हाय.”

“पसंत पडला असतात.”

“हे काकांचं म्हणणं, का तुमचं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी बाबा काय म्हणतील ते शोधलं. इतके महिने ते लगेच सापडत असे. त्या क्षणी आतून कुणी काही बोललं नाही. मी एकटीच होते, आणि तो उत्तराची वाट बघत होता.

“त्यांचं आता कळायचं नाही,” मी म्हटलं. “माझं सांगते. मला तुम्ही आवडता, दिग्विजय. गुरुवारी या… आई आहे, मी आहे.”