रेणूच्या नावाने उघडलेली फाईल

"आज दुकान बंद होण्याआधी ही काउंटरवरची पोरगी कामावरून काढायची आहे. पुरावा तेवढा द्या," चंद्रकुमारसेठ म्हणाले.

भंडाऱ्यातल्या त्यांच्या पितळी भांड्यांच्या दुकानात तीन संगणक हिशेबाच्या एकाच फाईलवर चालत. एक सेठचा, एक काउंटरवरचा, एक गोदामातला. पंधरा दिवस झाले, ऐन गर्दीत फाईल अडकत होती. पडद्यावर ओळ यायची: 'रेणू यांनी फाईल एकट्यासाठी उघडली आहे.'

"नावच लिहून येते ना, ताई," टेकचंद कुजबुजला. एसटीची कंडक्टरकी संपवून तो गुप्तहेर दामिनीच्या हाताखाली आला होता.

दामिनीने सेठला विचारले, "शेवटी कधी अडकली?"

"बुधवारी, अकरा ते बारा. मी नुसता बसून. काउंटरवर हातानं बिलं लिहिली. नाटक करते ती."

काउंटरवरची रेणू रडली नव्हती. "माझा पासवर्ड म्हणजे दुकानाचा फोन नंबर. सगळ्यायले ठाऊक आहे. फाईल तूच अडकवते म्हणून सेठनं भरल्या दुकानात मले चोर म्हटलं. असं नाव घेऊन निघाली त बाजारात मले कामावर कोण ठेवन?"

सॉफ्टवेअर बसवणारा कुंदन वैतागला होता. "वर्षाचे पैसे एकदाच मिळाले. दर खेपेचं पेट्रोल माझ्या खिशातून जाऊन राहिलं. मी काहून बिघडवू?"

"एकट्यासाठी उघडली म्हणजे?" दामिनीने विचारले.

"ज्यानं उघडली त्याचंच चालते. बाकीचे ताटकळतात."

गोदामात जुना जागेश्वर घागरी मोजत होता. "माझाबी पडदा अडकते, बाई. पण बावीस वर्षांत मी एक गाडी खोळंबू दिली नाही."

तिथे तारेत ओवलेल्या, संगणकावरून छापलेल्या माल पाठवल्याच्या पावत्या टेकचंदने चाळल्या. "बुधवार, साकोलीची गाडी, अकरा पंधरा," त्याने सवयीने वाचले.

दामिनीने सगळ्यांना काउंटरपाशी बोलावले.

"बुधवारी अकरा ते बारा एकाचंच चालणार होतं. सेठ बसून होते, रेणू हातानं लिहीत होती. छापील पावती निघाली ती गोदामातून. जागेश्वरभाऊ, फाईल तुम्ही उघडली होती, रेणूच्या नावानं. गाडी उभी राहिलेली तुम्हाला पाहवली नाही."

जागेश्वरने मान खाली घातली नाही. "ही खुर्ची माझी होती. सेठनं गिऱ्हाइकांसमोर उठवलं मले अन् पोरीले बसवलं. तिलेबी तसंच उठताना पाहायचं होतं."

सेठ ओशाळले. "रेणू, तूच सांग. काय करू याचं?"

"आत्ता काढू नका," रेणू म्हणाली. "मले चोर म्हणाले तेव्हा दुकानात बारा गिऱ्हाइकं होती. तेवढी जमू द्या. काका, बसा तुम्ही."

तिने खुर्ची पुढे सरकवली. दारातून दोघी बाया आत आल्या.

"दोन," रेणू म्हणाली.