लहान पुली

सिंहगड रस्त्यावर तेव्हा कुठे गर्दी होऊ लागली होती. धायरीच्या सर्जेरावांची उत्कर्षा, घरातली पहिली संगणकवाली, वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी गाडी घेऊन ऑफिसला जायची. एका संध्याकाळी राजाराम पुलापाशी गाडीचे दिवे मंदावले आणि इंजिन बंदच पडलं. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट... एका सडपातळ तरुणाने न विचारताच गाडी ढकलत आपल्या दुकानाशी नेली. साईनाथ त्याचं नाव. वाशीमहून आलेला, गाड्यांची वायरिंग करायचा.

“बॅटरी नवी आहे हो!”

“बॅटरी काय करन बिचारी? या गर्दीत इंजिन हळू, म्हणून त्याच्या पट्ट्यावरचा अल्टरनेटरही हळू. दिवे, पंखा मात्र चालू. त्यातून बॅटरीत वीज भरते कमी, जाते जास्त.”

“म्हणजे चूक माझी?”

“पुण्याची म्हणा.”

ती हसली. त्याने लेथवर लहान पुली करवून आणून अल्टरनेटरला बसवली.

“पुली लहान, म्हणून फेरे जास्त. पण हायवेवर पळवू नका. तिथं अल्टरनेटरला इतके फेरे झेपत नाहीत, आतून जळतो.”

दिवे पुन्हा मंदावले नाहीत. तरी दर शनिवारी उत्कर्षा ‘पट्टा सैल वाटतोय’ म्हणून यायची. पट्टा कधीच सैल नसे. साईनाथला मात्र तो अंगठ्याने दाबून पाहायला पाऊण तास लागायचा!

वर्षभराने ती आली, ती बॉनेटपाशी नुसती उभी राहिली.

“मोठी पुली बसवून द्या. उद्या आबा मला मुंबईला विमानावर सोडणार आहेत. कंपनी अमेरिकेला पाठवतेय... दोन वर्षं.”

साईनाथने मान वर केली नाही. जुनी पुली शोधली, बसवली, नट आवळला. एकदा, मग पुन्हा.

“झालं. पळवा आता.”

“एवढंच?”

“लहानच राहू द्यावी, असं मनात आलं होतं,” तो हळूच म्हणाला. “घाटापर्यंत अल्टरनेटर जळला असता. विमान चुकलं असतं तुमचं.”

“मग का नाही राहू दिली?”

“तुमाले रस्त्यात अडकवून... कसं थांबवू?”

तिचे डोळे भरून आले.

“परवा आबा परततील. लहान पुली पुन्हा बसवायला गाडी घेऊन तुमच्याकडेच येतील. तेव्हा बोला त्यांच्याशी.”

“काय बोलू?”

“तेही मीच सांगू? माझं उत्तर ‘हो’ आहे, एवढं लक्षात ठेवा.”

“दोन वर्षं फार असतात... उत्कर्षा.” त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली होती.

“मोजू नका,” ती म्हणाली. “फक्त थांबा.”