कोलूवरची वाघीण

"तूच नेलीस! काल तिच्या चाकांना तेल कोण घालत होतं?" वरुणकाका ओरडले.

"तेल घातलं म्हणजे चोरली? काहीही काय बोलता!" गिरीश तडकला.

"शाळा सोडलेल्या पोराला दुसरं काय येतं?"

शी! गिरीशला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

नवरात्राच्या सुट्टीत तंजावरच्या त्या घरात दरवर्षी कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडायचे. सात पायऱ्या, वर देव, मध्ये बाहुल्या आणि सगळ्यात खाली रघुपती आजोबांनी केलेली मालगाडीची छोटी वाघीण, म्हणजे डबा! इंग्लंडातल्या कोळशाच्या उघड्या वाघिणीसारखी हुबेहूब. वीणा करणाऱ्यांकडचे फणसाच्या लाकडाचे तुकडे, टाचणीएवढे खिळे, ब्रेकचा दांडा, बाजूला पांढरे आकडे. आज तिची जागा रिकामी होती.

आजोबा हळूच म्हणाले, "गिरीश, वर्कशॉपची किल्ली दे."

गिरीशनं खिशातली किल्ली घट्ट धरली. साऱ्या गावात त्याचं मन रमायचं ते त्या एकाच खोलीत!

"संध्याकाळपर्यंत थांबा. सापडली नाही तर घ्या किल्ली!"

वर्षा आणि हरिता या चुलतबहिणी त्याच्यामागे धावल्या.

"गिरीश, इथं तर काहीच नाही डा!" हरिता म्हणाली.

"डोळे उघड. मुंग्या बघ!"

रिकाम्या पायरीवरून मुंग्यांची रांग निघाली होती. ती थेट कोठीत, तांदळाच्या पिंपामागे गेली. गिरीशनं हात घातला. बोटं कशात तरी बुळबुळीत रुतली.

"ई! ई! ई!"

वाघीणच! पण आत कालच्या नैवेद्याचं सुंडल! आंबलेले चणे, तारा सुटलेलं खोबरं, काळा पडलेला कढीपत्ता. गरम सुंडलाच्या वाफेनं पांढरे आकडे सोलून निघाले होते.

"कुठल्या घाणेरड्या माणसानं हिच्यात खायचं भरलं?" वर्षानं नाक दाबलं.

"आत्ता कळेल. तुम्ही हसू नका फक्त."

वरुणकाका इडली खात बसले होते. शेजारी आजोबा. गिरीश मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, वाघिणीच्या आतल्या रंगात विष असतं ना? तिच्यात ठेवलेलं दोन मुठी कुणी खाल्लं तर?"

आजोबा गोंधळले. वर्षानं त्यांना डोळा मारला.

काकांच्या हातातली इडली थांबली. "दो... दोन मुठी?"

"दोन पुरे होतात!"

"अय्यो! मी तर चार खाल्ल्या!"

मग सगळं बाहेर पडलं. पाहुण्यांसमोर गंमत म्हणून काकांनी वाघिणीत सुंडल भरलं, आकडे सुटताना दिसले तशी ती लपवली आणि सकाळी चोर मात्र गिरीश!

"रंगात विष नाही काका. तुमच्यात आहे!" गिरीश म्हणाला.

काकांनी इडलीचं ताट बाजूला सारलं. आजोबा म्हणाले, "पोराची नजर आहे कारागिराची. किल्ली तुझ्याकडेच राहू दे, राजा. माझंच चुकलं."

"जाऊ दे आजोबा. घाण काकाच धुतील, पण रंगाचा ब्रश लावायचा नाही, सांगून ठेवतो! आकडे मीच रंगवणार. पांढरा रंग आणायचाय, दुपारी दुकान बंद होईल. मला निघायला हवं!"