दहावं नाव

"ओ पालक, शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर थांबायचं!" व्हरांड्यात पाचवीतल्या मायाशेजारी मांडी घालून बसलेल्या माणसाला वर्गशिक्षिका शिवांजलीनं दरडावलं.

तो उठला, पँटवरची धूळ झटकली. "पालक न्हाई बाई मी. अजून लग्नच कुठं झालंय?"

पोरं खिदळली अन् बाईंचे कान लाल झाले. हा राजवर्धन, साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरचा. पलूसजवळच्या या शाळेत पाचवीची जी पोरं वाचनात मागं होती, त्यांच्यासाठी एका संस्थेनं त्याला तीन महिने धाडलेलं. स्वतः पाचवीत असताना त्याला धड वाचता येत नव्हतं, म्हणून अशा पोरांवर त्याचा लय जीव.

पोरं वाचू लागली. आणि बाई… बाई खिडकीतून बघू लागल्या. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत निघाला की त्याचा वर्ग थांबायचा, तिचाही थांबायचा, आणि तेवढ्यात दोघांची नजर भेटायची.

"आज ट्रॅक्टर लय गेले, न्हाई?" मधल्या सुट्टीत तो म्हणायचा.

"मी मोजत नाही," ती म्हणायची.

"मी मोजतो की! चौदा."

तीन महिने कसे सरले, कळलंच नाही. नियम असा, की दहा पोरं मागं असतील तरच वर्ग पुढं चालणार. शनिवारी शिवांजलीनं चाचणी घेतली. मागं नऊच उरली. मायानं तर अख्खी गोष्ट घडाघडा वाचली आणि शेवटी स्वतःच टाळ्या वाजवल्या. शिवांजलीच्या काळजात धस्स झालं. आता राजवर्धन जाणार! 'थांबा' म्हणायला जीभ रेटेना, पेन मात्र चाललं. मायाच्या नावापुढं तिनं लिहिलं – 'फक्त शब्द वाचते.' झाली मागं राहिलेली दहा! पोरगी अजून तीन महिने शिकली तर काय बिघडतंय? अहो, प्रेमात माणूस मनाची काय काय समजूत घालतो!

सोमवारी मागं राहिलेल्यांची यादी भिंतीवर लागली. मायानं ती स्वतःच वाचली. वाचायला येत होतं ना तिला! राजवर्धननं गोष्टीचं पुस्तक पुढं केलं, तर तिनं हात मागं घेतला.

"मला येत न्हाई सर. बाईंनी लिवलंय."

मधल्या सुट्टीत तो शिवांजलीपुढं येऊन उभा राहिला. "चुकून झालं का?"

"नाही…" तिनं मान खाली घातली. "तुम्ही जाऊ नये म्हणून."

त्यानं हातातलं गोष्टीचं पुस्तक मिटलं.

"मला सांगायचं की, थांबा म्हणून! मी काय न्हाई म्हणलो असतो? येत्या रविवारी आईला घिऊन तुमच्या घरी येणार होतो मी." त्यानं भिंतीवरच्या यादीकडं बोट केलं. "मागं राहिल्यावर काय वाटतं, ते मी भोगलंय. पोरीला कशाला मागं ओढलं, बाई?"

त्याच दिवशी तिनं यादी दुरुस्त केली, सगळ्या वर्गासमोर मायाची माफी मागितली. नऊ नावं उरली, वर्ग बंद झाला. राजवर्धन पोरांचा निरोप घेऊन साताऱ्याच्या एसटीत बसला. रविवार आला आणि गेला. दारात कुणी आलं नाही, आणि फोन करायला शिवांजलीला तोंड नव्हतं.

माया छान वाचते आता. पण प्रत्येक नव्या पानावर थांबते, बाईंकडं बघते आणि हळूच विचारते, "बाई, मला येतंय न्हवं?"

"येतंय गं," शिवांजली म्हणते. रोज म्हणते.