विनीत सरांची शंका

बदलापूर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले आणि मांडीवरची कागदाची गुंडाळी सटकली... रस्त्यावर पडणार, तोच ड्रायव्हरशेजारी अर्धवट लटकलेल्या माणसाने ती झेलली.

“काय आहे हो हे?”

“जीन्सचा पॅटर्न. बारावीला प्रोग्रॅमिंग शिकवायचंय.”

माझं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने तो बघत राहिला.

अर्ध्या तासाने तोच माणूस ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्यासमोर वही उघडून बसला. विनीत सर. जवळच्या सोनिवली गावचे, फिजिक्सचे. कॉम्प्युटरच्या मॅडम सोडून गेल्या होत्या. मला तासिकेवर घेतलं ते एवढ्यासाठीच — पोरांना शिकवायचं, सोबत सरांना तो विषय शिकवायला तयार करायचं. सर तयार झाले की माझी सुट्टी.

माझे बाबा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचे कटिंग मास्तर. मला दुसरं उदाहरण सुचणार कुठून? “हा कागद म्हणजे प्रोग्रॅममधला ‘क्लास’, नुसता साचा. हा कोणी घालत नाही. याच्यावरून कापलेली एकेक जीन्स म्हणजे ऑब्जेक्ट. रंग वेगळा, कापड वेगळं, पॅटर्न एकच. कळलं?”

“नाही. पुन्हा एकदा सांगा ना, मॅडम.”

पुन्हा सांगितलं. रोज सांगितलं. गणपती गेले, दिवाळी गेली, सर तिथेच! एमएस्सी झालेला माणूस आणि एवढं डोक्यात शिरेना? मी चिडायचे, ते हसायचे. डब्यातली घरच्या शेतातली काकडी मीठ लावून पुढे करायचे. मग चिडून चिडून किती चिडणार? सुट्टीच्या दिवशी त्या ‘पुन्हा सांगा ना’ची इतकी आठवण यायची, की मीच देवाला म्हणायचे — ह्यांना एवढ्यात कळू देऊ नको रे बाबा.

डिसेंबरात एकदा उशिरा पोचले आणि लॅबच्या दारातच थबकले. सर माझा पॅटर्न फळ्याला लावून पोरांना शिकवत होते. माझेच शब्द! तेजस्वी नावाच्या मुलीने इनहेरिटन्स, म्हणजे जुन्या क्लासवरून नवा क्लास कसा करायचा, ते विचारलं, तर म्हणाले, “ह्याच जीन्सला दोन खिसे वाढवले की कार्गो. अख्खा पॅटर्न नव्याने कशाला काढायचा?” हे तर मलाही सुचलं नव्हतं.

पोरं गेल्यावर मी आत शिरले. “मला वेड्यात काढलंत? कधी कळलं होतं तुम्हाला?”

“जुलैत... दुसऱ्याच दिवशी.”

“मग?”

“कळलं म्हटलं असतं, तर तुम्ही —” सरांचे कान लालबुंद झाले.

राग आला, रडू आलं, आणि हा माणूस मला हवाय हेही कळलं. पण खोटं किती दिवस चालवायचं? त्याच दुपारी प्रिन्सिपॉल सरांना सांगितलं, विनीत सर तयार आहेत.

महिनाअखेरीला निघाले. सर गेटपर्यंत आले आणि म्हणाले काय, तर “तुमचा पॅटर्न राहिला.”

“मग आणून द्या,” मी रिक्षात बसत म्हटलं. “कॅम्प तीन. कोंडाजी मास्तरांचं घर विचारा, कोणीही सांगेल.”

एक रविवार गेला. दुसरा गेला. दाराशी रिक्षा थांबली की माझं लाटणं थांबायचं. पत्ता सापडत नाही की हिंमत होत नाही?

तिसऱ्या रविवारी सर गुंडाळी घेऊन दारात उभे! बाबांनी ती उलगडली. “अहो, हा तर मी कधीच बाद केलाय. हा परत द्यायला सोनिवलीहून आलात?”

सरांचे कान पुन्हा लालबुंद.

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. “बाबा, त्यांना एकदा सांगून कळत नाही. बसू द्या त्यांना... मी समजावते.”