सतरा तासांचा सराव

“पातीच्या शेंड्याकडं बघू नगं गं बाई. शेंडा लांबच दिसतो. हातापुढचं गवत बघ, आन् गानं म्हन.”

हा आवाज गोजाबाई आत्याचा. उत्कर्षा तेव्हा सात वर्षांची. बार्शीजवळच्या रानात, खुरपणीच्या ओळीत म्हणजे पातीत, आत्यामागून चिमुकलं खुरपं ओढत चाललेली. आत्या जाऊन आठ वर्षं झाली. पण त्या दुपारी, सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानासमोर घामेजून उभी असताना, तो आवाज तिच्या कानाशी असा आला की वळून पाहिलं तर पदर खोचलेली आत्या दिसावी.

दुकान कडक भाकरीचं. पापडासारख्या पातळ, खरपूस भाकऱ्यांच्या चळती, आणि शेंगाचटणीचा दरवळ.

“सतरा तास टिकेल असं काय आहे?” तिनं विचारलं.

गल्ल्यामागच्या तरुणानं मान वर केली. काळेभोर, हसरे डोळे. “भाकरी दोन महिने टिकते. सतरा तास कोण टिकत नाहीये?”

कुणाला न सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडून निसटली. “मी…”

आणि मग बांध फुटल्यासारखं सगळंच आलं. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेय. मुंबईहून थेट, सतरा तास, मध्ये कुठंही न थांबता. आणि मला तर मिटलेलं दारसुद्धा सोसत नाही. कॉलेजच्या लिफ्टमध्ये अंधारात पाऊण तास अडकले होते, तेव्हापासून पाचव्या मजल्यावरही जिन्यानं जाते. पुण्याला जाताना बसमध्ये दाराजवळची जागा धरते. विमानाचं दार कोण उघडणार?

“दिवस किती राहिले?”

“तेवीस.”

“भरपूर झाले की,” तो म्हणाला. “बसा. सराव करू.”

त्याचं नाव गुरुलिंग. पेठेत सगळे गुरु म्हणत. परदेशी निघालेलं प्रत्येक घर भाकरीसाठी त्याच्याकडं यायचं, आणि पुडक्याबरोबर त्याचा सल्लाही घेऊन जायचं. दुकानामागच्या खोलीत त्यानं तीन खुर्च्या ओळीनं मांडल्या. गजांच्या खिडकीशी उत्कर्षा, मध्ये तो, आणि वाटेच्या कडेला त्याची आई नागम्मा, मांडीवरच्या सुपात शेंगदाणे निवडत. नियम एकच. उठायचं तर नागम्माला उठवून उठायचं, आणि ती डुलकी घेत असेल तर थांबायचं.

“कुंद्रु, कुंद्रु,” नागम्मा कानडीत बस म्हणायची. “माझा गुडघा दुखतोय. उठायला लावू नको, बाळा.”

पहिल्या दिवशी उत्कर्षा वीस मिनिटांत उठली. तळवे ओले, छातीत पाखरू अडकल्यासारखं.

“शाबास,” गुरु म्हणाला.

“वीस मिनिटांत कसली शाबासकी?”

“विमान अजून मुंबईवरच आहे. पण उडालंय की.”

ती हसली, आणि हसता हसता तिला कळलं की आज सकाळपासून हे पहिलंच हसू.

मग रोज दुपारी ती येऊ लागली. रोज थोडं जास्त. गुरु तासातासाची वाट सांगायचा. पहिला तास शेजारच्यांची नावं मनातल्या मनात ठेवण्यात घालवायचा. दुसऱ्यात जेवण, तेही एकेक घास चावून. चौथ्या तासाला सगळे पांघरुणं ओढतात, तेव्हा मागं जाऊन पाणी मागायचं. तहान नसली तरी. “आणि समोरच्या पडद्यावरचा नकाशा कधी लावायचा नाही. त्यात विमान मुंगीएवढं दिसतं, आणि समुद्र संपत नाही.”

पातीचा शेंडा… तिनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. हे आत्यानं सांगितलेलं याला कसं ठाऊक?

“काय झालं?”

“काही नाही. तुमच्या मनगटाला पीठ लागलंय.”

“कालपासून आहे. तुम्हाला आज दिसलं?”

“काल नकाशा बघत होते,” ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्या तापल्या म्हणून खिडकीकडं तोंड फिरवलं.

बाराव्या दिवशी त्यानं विचारलं, “आज खिडकी लावून शटर ओढू का? नको म्हणालात तर नाही ओढणार.”

शटर खाली आलं. खोलीत दिवा होता, नागम्मा होती. तरीही तिसऱ्या तासाला भिंती जवळ सरकल्या. उत्कर्षाचा श्वास वरच्या वर तुटू लागला. नागम्माची मान कलली होती. गुरुनं हात पुढं केला, तिच्या खुर्चीच्या हातापाशी आणला… आणि तिथंच ठेवला. स्पर्श नाही. फक्त जवळ.

“गाणं येतं का एखादं?”

तिनं डोळे मिटले. ओठांवर आत्याच्या ओळी आल्या—

“अशी पात माझी लांब, लांब रानाच्या पल्याड,
सोबतिनी तुझा हात मला सावलीचं झाड…”

दहादा म्हटल्या, वीसदा म्हटल्या. डोळे उघडले तेव्हा तिची बोटं त्याच्या हातावर होती, आणि चौथा तास केव्हाच उलटला होता. नागम्मा जागी होती. शेंगदाण्यांतला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला, आणि काहीच पाहिलं नाही.

त्यानंतर भीती दुहेरी झाली. सहा तास बसता येऊ लागलं, तशी गळणारी एकेक तारीख नकोशी होऊ लागली. एका दुपारी गुरु पुडकी पोचवायला गेला होता.

“त्यांना विमानात कधी भीती नाही वाटली?” तिनं नागम्माला विचारलं.

“कुणाला? गुरुला?” नागम्मा हसली. “ह्यो कुटं बसलाय विमानात! मुंबईला गेला आन् तसाच माघारी आला की.”

तो परतला तेव्हा उत्कर्षा उभी होती.

“खोटं शिकवलंत मला.”

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. एकदा आईकडं पाहिलं. “शिकवलेलं खरं होतं. नकाशाचं अक्कलकोटच्या तिप्पण्णा मास्तरांनी सांगितलं, पाण्याचं रुपालीताईंनी. येणारा जाणारा सांगतो, मी ऐकून ठेवतो. खोटा मी होतो. सहा वर्षांपूर्वी चुलत्यांकडं निघालो होतो. विमानाच्या रांगेत पुढं चारच माणसं राहिली, आणि पाय मागं वळले. शुद्धीवर आलो तेव्हा गाडी कुर्डुवाडीला उभी होती.”

ती निघाली. पुढचे तीन दिवस फिरकली नाही. घरी खुर्चीत बसायची, दार लावायची, आणि दहाव्या मिनिटाला उघडायची. पुढं चार माणसं राहिली, की माझेही पाय वळतील? रागापेक्षा हाच विचार जास्त बोचत होता. आणि त्याहून आत… शेजारची रिकामी जागा.

जाण्याच्या सकाळी सोलापूर स्टेशनवर तिचे वडील कोंडीबा पाण्याची बाटली आणायला गेले, आणि गर्दीतून गुरु आला. हातात पुडकं. धापा टाकत.

“कडक भाकरी. हळू चावली तर एक भाकरी अर्धा तास पुरते.”

“हे कुणी सांगितलं?”

“हे मी स्वतः करून बघितलं. काल.”

तिला हसू आवरेना, आणि डोळेही. “मी रांगेतून वळले तर?”

“वळलात तर कुर्डुवाडीला उतरू नका, सरळ दुकानात या. खुर्ची तिथंच आहे.” फलाटावर घोषणा झाली. “पण… एक सांगायचं राहिलं.”

“आणखी काही खोटं?”

“नाही. हे खरं आहे, म्हणून अवघड आहे.” तो तिच्याकडं न बघता पुडक्याच्या दोऱ्याची गाठ चाचपत राहिला. “रोज तू खुर्चीतून उठलीस की मी शाबास म्हणायचो. चार तास झाले, शाबास. सहा झाले, शाबास. आणि मनात म्हणायचो, उद्या हिला जमू नये. हिनं जाऊ नये.”

तो ‘तू’ म्हणाला होता. तिनं ते ऐकलं, त्यानंही ऐकलं.

“आणि आता?”

“तीन दिवस तुझ्या जागेवर बसून बघितलं. आता म्हणतो, बस. सतराच्या सतरा तास बस. मी चारच माणसांवरनं माघारी आलो, तू येऊ नकोस. दिवाळीनंतर मी त्या रांगेत उभा राहीन. पलीकडं तू असशील, तर पाय वळायचे नाहीत.”

कोंडीबा बाटली घेऊन परत येताना दिसू लागले. उत्कर्षानं पुडकं छातीशी धरलं. “का वळायचे नाहीत?” तिनं हळूच विचारलं. उत्तर ठाऊक होतं. तरी ते बरोबर न्यायचं होतं.

गुरुनं मान वर केली. पहिल्या दिवशीचे तेच डोळे, फक्त आज हसत नव्हते.

“आवडतेस तू मला,” तो म्हणाला. “लई.”